आईचं अनेकवचन

द्वारका, सेक्टर १२
९ फेब्रुवारी २०२५

उत्तराताई,

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझा मेसेज एका करड्या खुणेवर लटकून राहतो, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही. पण पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर लाल पेन चालवू नकोस. शाळेत पोरांच्या वह्यांवर चालवतेस तेवढं पुरे.

भांडायला लिहीत नाहीये. तुझ्या मानसच्या मुंजीचा विषय मी काढणार नाही. तुझ्या सासूबाईंसमोर तू प्रणिताची ओळख 'क्षिप्राची रूममेट' अशी करून दिलीस आणि आम्ही दोघी भरल्या पानावरून उठून आलो, त्याला दोन वर्षं झाली. संपलं. (काढलाच की विषय! असो.)

काम असं आहे. मी अजून नोएडाच्या त्याच कंपनीत आहे, परदेशी सिनेमांना मराठी सबटायटल लिहिते. सध्या आमच्याकडे सिनेमांचा एक अख्खा गठ्ठा आलाय. सगळ्यांची गोष्ट साधारण एकच : दोन बायका, एकमेकींवर प्रेम करणाऱ्या, एका घरात राहणाऱ्या, आणि त्यांना मूल हवंय. त्यातल्या एकात छोटी मुलगी एकीला 'मम' म्हणते आणि दुसरीला 'ममा'. मी दोन्हीकडे 'आई' लिहिलं. झालं! आमचा प्रोजेक्ट हेड नीरज, पक्का लखनौवाला, खुर्ची सरकवत माझ्या टेबलाशी आला. "क्षिप्रा यार, ऑडियन्स कन्फ्यूज होगा. जिसने पैदा किया वो आई, दूसरी को मावशी कर दो. मराठी में मावशी चलता है ना?"

मी म्हटलं, मावशी म्हणजे आईची बहीण. या दोघी बहिणी आहेत का? तर म्हणतो, "प्यार से बोल रही है बच्ची, क्या फर्क पड़ता है." डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू!

दुसऱ्या एका सिनेमात मुलगा शाळेत ऐटीत सांगतो, मला दोन आया आहेत. मी लिहिलं तसंच. आईचं अनेकवचन आया, तूच शिकवलंयस. नीरजनं वाचलं आणि म्हणाला, "दो-दो आया? बड़े पैसेवाले लोग हैं भई!" सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू? पण तो शब्द आता हातातून गेल्यासारखा झालाय.

तू मराठीची बाई. दिल्लीत वाढताना माझं अर्धं मराठी गळून गेलं, तुझं मात्र शाबूत राहिलं. तर सांग, मुलानं आपल्या दुसऱ्या आईला काय म्हणावं? एक शब्द हवाय. फक्त कामासाठी विचारतेय.

क्षिप्रा


२ मार्च २०२५

ताई,

उत्तर नाही. बरं.

गठ्ठा पाहून संपला आणि आता मला कुणाशी तरी बोललंच पाहिजे, तर तू ऐक. या सिनेमांमध्ये काय होतं सांगू? पुरुष येतो. ज्या दात्याचं काम दवाखान्यातल्या एका छोट्याशा डबीपुरतं होतं, तो माणूस मधल्यामध्ये घरात येतो. त्याचे केस चांगले असतात. तो गळका नळ दुरुस्त करतो, जेवायला थांबतो, आणि दोघींपैकी एक त्याच्याकडे अशी बघायला लागते की मी कीबोर्डवर कपाळ आपटते. अगं बाई, नळासाठी प्लंबर बोलव ना! त्याच्यासाठी एवढा संसार मोडायचा?

पुरुष नाही आला तर कुणीतरी मरतं. कुणी नाही मेलं तर कोर्ट. आणि काहीच नसेल तर बाथरूमच्या फरशीवर बसून, हातात ती चाचणीची पट्टी धरून, दोघी रडतात आणि मागे पियानो. दोन बायकांना मूल हवंय म्हटलं की त्यांना आधी चांगली शिक्षा झाली पाहिजे, असं काहीतरी लिहिणाऱ्यांच्या डोक्यात असावं. सुखानं पोर झालं, सुखानं वाढलं, असा एक सिनेमा त्या गठ्ठ्यात सापडला तर शपथ.

आणि खरं जे असतं ते कुठे दिसतच नाही. दवाखान्यात नवरा-बायकोंच्या जोड्यांमध्ये दोघींनी बसायचं, ते नाही. 'हज़बंड साथ नहीं आए?' नाही. फ्रिजच्या दारात लोणच्याच्या बरणीला खेटून ठेवलेली इंजेक्शनं नाहीत. पोटाला चिमटीत धरून सुई टोचायची आणि हात थरथरू नये म्हणून तोंडानं काहीतरी बडबडत राहायचं, ते नाही. बडबड कसली करायची? तर कालच्या भाजीत मीठ जास्त झालं होतं, असली.

हे मला कसं माहीत ते विचारू नकोस. तसंही तू काही विचारत नाहीसच.

प्रणिता बरी आहे.

क्षिप्रा


१२ एप्रिल २०२५

ताई गं,

आता लपवत नाही. मला लपवायला येतही नाही, तुला लहानपणापासून माहीत आहे.

प्रणिताला दिवस गेलेत.

पहिलं पत्र मी तुला लिहिलं, त्याच्या आदल्या दिवशी आमचा पहिला प्रयत्न फुकट गेल्याचं कळलं होतं. प्रणिता कूस बदलून झोपून राहिली होती आणि मला काय करावं ते सुचेना. आई-बाबा नाहीत. माझं म्हणावं असं माणूस तू एकटीच उरलीयस, आणि तुझी ही तऱ्हा. शब्द हे निमित्त होतं. मला माझ्या बहिणीशी बोलायचं होतं.

दुसऱ्या वेळी मात्र झालं! मी मेट्रोत होते, नोएडाहून परत येताना, चेंगराचेंगरीत दांडीला लटकलेली. प्रणिताचा फोन. ती आंबेजोगाईची, तुला आठवत असेल, यूपीएससीसाठी दिल्लीला आली आणि आता क्लासमध्ये तीच पोरांना राज्यघटना शिकवते. पोरांसमोर एवढी शिस्तीची बाई, आणि फोनवर ओरडतेय, "क्षिप्रे, दिवस राहिले!"

मी म्हटलं, "किती?"

"किती काय?"

"किती दिवस राहिले? आणि कशाला?"

ती एवढी हसली, एवढी हसली की पुढे तिला बोलवेना. "अगं येडे, दवाखान्यातून फोन आला. दिवस राहिले मला!" तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. हसू नकोस, दिल्लीच्या पोरीला हे कोण शिकवणार? आपल्या पहाडगंजच्या मराठी शाळेतही हा वाक्प्रचार बाईंनी अभ्यासाला लावला नव्हता.

मी तिथेच रडायला लागले, भरल्या डब्यात. शेजारच्या बाईनं दंड धरला. "क्या हुआ बेटा? घर में सब ठीक?" माझ्या तोंडून निघालं, "बच्चा होनेवाला है." तिनं माझ्या सपाट पोटाकडे पाहिलं, मग बसलेल्या पोराला गदागदा हलवून उठवलं आणि मला बसवलं. आणि मी बसले, ताई. का नाही बसायचं? मला मूल होणार होतं.

आता कायदा सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. प्रणितानं मला फळ्यावर शिकवावा तसा शिकवलाय. एकटी बाई दवाखान्याच्या मदतीनं आई होऊ शकते. दोघी मिळून होऊ शकत नाहीत. म्हणून कागदोपत्री प्रणिता एकटी आहे. आणि मी कोणीच नाही. आज नाही, बाळ झाल्यावरही नाही. कुठल्याही सरकारी कागदावर त्या बाळाच्या नावासमोर माझं नाव येणार नाही. हे मी शांतपणे लिहितेय, कारण हे ठरवतानाच गिळलंय.

पण तू तरी लिही. "मिळालं" एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुझी
क्षिप्रा


२४ ऑगस्ट २०२५

ताई,

"मिळालं" काही तू लिहिलं नाहीस. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे सातारच्या घरात कुणीतरी ते घेतंय. हेही नसे थोडके.

प्रणिताची आई आलीय. कुसुमावतीकाकू. त्या यायच्या आधी प्रणिताचं काय झालं होतं सांगू? संविधानाची कलमं झोपेत सांगणारी ही बाई, आईला फोन लावायचा म्हणून तीन दिवस नखं खात होती. शेवटी लावला, सगळं सांगितलं. माझ्याबद्दल, आमच्याबद्दल, बाळाबद्दल. काकू म्हणाल्या, "पोरगी तिकडं एकटी हाय, एकटी हाय म्हणून माझ्या जिवाला घोर लागला होता. एकटी नाहीस म्हणतीस तर मला आणखी काय पाहिजे? गाडीचं तिकीट काढ." प्रणिता फोन ठेवून जमिनीवर बसली. मी तिच्याशेजारी बसले. पियानो वाजला नाही, खालून भंगारवाला ओरडत गेला.

काकू आल्या त्या पिठा-मिठासकट. सकाळी धपाटे, दुपारी धपाटे. समोरच्या भल्लाआंटींना हिंदीत कृती सांगतात आणि भल्लाआंटी पंजाबीत उत्तर देतात आणि दोघींचं झकास जमतं.

आता ऐक गंमत. त्या 'मावशी'वरून माझं नीरजशी भांडण अजून चालूच होतं. मी बदलत नव्हते, तो पास करत नव्हता. मी घरी बसून तो सिनेमा पुन्हा तपासत होते, काकू पदराला हात पुसत माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि बघत बसल्या. बाळ जन्मतं तो प्रसंग आला. एक खाटेवर, आणि दुसरी, नेहमीप्रमाणे, दारात. मी इतके सिनेमे पाहिले पण माझ्या लक्षात आलं नव्हतं : दुसरीला कायम दारातच उभी करतात. चौकटीला टेकून, काचेआडून, अर्धं अंग बाहेर. काकू वैतागल्या. "ती बया दारात कशाला उभारली? तिचं लेकरू हाय ना? आत ये म्हणावं की!"

नीरज हार्ड डिस्क द्यायला आला होता, तो धपाटे खात दिवाणावर बसला होता. मी लगेच संधी साधली. "काकू, ती दुसरी बाई बाळाची कोण?" काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मला ताप चढलाय. "कोण म्हणजे? आई. दोघी आयाच हैत की त्याच्या. लिहिलंय ना खाली!"

मी नीरजला हिंदी करून सांगितलं. "कन्फ्यूज नहीं हुईं?" त्यानं काकूंना विचारलं. काकूंनी त्याच्या ताटात आणखी एक धपाटं टाकलं.

"चलो," नीरज म्हणाला, "ऑडियन्स टेस्ट हो गया. आई-आई रख लो."

जिंकले की नाही? सबंध सिनेमात, जिथे-जिथे ती मुलगी हाक मारते, तिथे दोघींसाठी 'आई'. तू बघशील तेव्हा कळेल. प्लीज बघ.

प्रणिताचे पाय सुजतात, संध्याकाळी मी चेपून देते. बाळ लाथा मारतं. मी पोटाला तोंड लावून गप्पा मारते, बहुतेक तुझ्या तक्रारी.

तुझी
क्षिप्रा


२८ डिसेंबर २०२५

ताई,

मुलगी झाली! अकरा डिसेंबरला, सिझेरियन, पण दोघी ठणठणीत. नाक प्रणिताचं आहे, आवाज मात्र कुठून आणलाय देव जाणे. बाहेर दिल्लीचं धुकं आणि धूर, आम्ही खिडक्या लावून, हवा शुद्ध करायचं मशीन लावून बसलोय आणि ही बाई त्या मशीनपेक्षा मोठ्यानं घोरते.

मी आनंदात आहे, ताई. इतकी की रस्त्यात अनोळखी माणसांना सांगते. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल मी रडतेय.

दवाखान्यात भरती करताना विचारलं, "आप कौन?" आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं. बहीण म्हणायचं, म्हणजे आत सोडतात. मी म्हटलं, "बहन." आणि मग सुरू झालं. "मासी को बुलाओ." "मासी, बच्ची के कपड़े दो." "मासी, मुबारक हो, लड्डू कहाँ हैं?" ज्या एका शब्दासाठी मी ऑफिसमध्ये सहा महिने नीरजचं डोकं खाल्लं, तोच शब्द माझ्या गळ्यात पडला, आणि मी हसून लाडू वाटले. घरी आलो तर लिफ्टमध्ये भल्लाआंटी, "वाह, मासी बन गई!" त्यांचा काय दोष? दोन वर्षं त्या आम्हाला चुलतबहिणीच समजतायत, आणि बाळाचा बाप कुठेतरी बाहेरगावी असेल असं धरून चालतायत. आम्हीच समजू दिलं, नाहीतर हे भाड्याचं घर गेलं असतं.

पण प्रत्येक वेळी कुणीतरी मला खोलीतून बाहेर काढून दारात उभं करतंय, असं वाटतं गं.

कागद मला कधी काही म्हणणार नाही. ठीक. मग माझ्या माणसांनी तरी म्हणावं ना? आणि माझी माणसं म्हणजे कोण? तूच.

काकूंनी बारसं काढलंय. बारावा दिवस टाक्यांच्या दुखण्यात गेला, म्हणून सव्वा महिन्यानं, रविवारी १८ जानेवारीला. दारी पाहुणे, घुगऱ्या, पाळण्याच्या वरून-खालून बाळाला द्यायचं, सगळं साग्रसंगीत. परवा काकू म्हणाल्या, "लेकराची आत्या कोण? कानात नाव कोण सांगणार?" प्रणिता माझ्याकडे बघायला लागली.

मी पुष्कळ विचार केला, ताई. प्रणितानं पोटात वाढवलं, ती एक बाजू. मग दुसरी बाजू माझी. दुसऱ्या बाजूची बहीण ती आत्या. बाळाच्या कानात आत्या नाव सांगते, म्हणजे त्या बाजूच्या घरानं बाळाला आपलं म्हटलं. तू आत्या म्हणून ये. कानात नाव सांग. एवढं केलंस तर मला पुन्हा कुठल्या कागदाची गरज नाही.

नाव केतकी ठरलंय. काकूंनाही अजून सांगितलेलं नाही. फक्त तुला, कारण सांगायचं तुला आहे.

येशील ना?

क्षिप्रा


१० जानेवारी २०२६

श्रीमती उत्तरा यांस,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. अकरा महिन्यांत पहिलं, आणि त्यावर एक ओळ. 'आत्या म्हणून मी येणार नाही. उत्तरा.' अक्षर सुंदर आहे, अभिनंदन.

मला वाटलं होतं, तू वाचतेयस. मला वाटलं होतं, बाळाचं ऐकून तरी काहीतरी हलेल. पण नाही! तुला अजून तुझ्या सासूबाईंना काय सांगायचं हीच पंचाईत. सांग त्यांना, रूममेटला मुलगी झाली.

नको येऊस. माझं काही अडत नाही. नाव कानात मीच सांगेन, नाहीतर भल्लाआंटी सांगतील, नाहीतर नीरज सांगेल. तुझ्यापेक्षा नीरज बरा, त्याला निदान धपाटे खाऊन अक्कल आली.

केतकीला मोठेपणी मावशी-आत्या काहीही नाही म्हणून सांगेन. एक होती, ती साताऱ्यात राहायची, तिला फार शुद्ध मराठी यायचं.

प्रणिता म्हणतेय हे पत्र टाकू नकोस. मी टाकणार आहे. आत्ताच्या आत्ता.

क्षिप्रा


२० जानेवारी २०२६

ताई, ताई, ताई,

तू गाडीत आहेस, फोनला रेंज नाही. घरी पोचशील तेव्हा टेबलावर माझं एक पत्र पडलेलं असेल. तू इकडे यायला निघाल्यावर ते पोचलं असणार, कारण परवा तुझ्या वागण्यात त्याचा मागमूस नव्हता. ते न फोडता फाड. नाही फाडणार तू, मला माहीत आहे. लाल पेन घेऊन बसशील. म्हणून हे मागोमाग स्पीड पोस्टानं. आधीच्या पत्रातली एकूण एक ओळ मागे. अक्षर सुंदर आहे तेवढं राहू दे.

पण चूक निम्मी तुझीही आहे! एवढी मोठी गोष्ट, आणि एका ओळीचं पोस्टकार्ड? काल मी तेच विचारलं तर म्हणतेस, "तू सबटायटलवाली ना? कमी शब्दांत कळायला हवं तुला. 'आत्या म्हणून' हे दोन शब्द वाचलेस का? नुसतं 'येणार नाही' असं कुठे लिहिलं होतं?" कपाळाला हात लावला मी. एका शब्दावरून सहा महिने भांडणारी मी, तुझे दोन शब्द गिळून बसले.

आता परवाचं लिहिते. तू म्हणशील, मी होतेच की तिथे. होतीस, पण तू स्वतःला बघितलं नाहीस. मी बघितलं. आणि सिनेमात हे कुणी दाखवणार नाही, म्हणून निदान लिहून ठेवते.

घर माणसांनी भरलेलं. सोसायटीच्या सगळ्या बायका, नीरज, प्रणिताच्या क्लासमधली पोरं, काकूंची धावपळ. मी तोंड पाडून घुगऱ्या वाटतेय. बेल वाजली. दारात तू, हातात बॅग, धुक्यात तासन्‌तास रखडलेल्या गाडीतून उतरून सरळ, केस विस्कटलेले, तेच जुनं निळं स्वेटर. मी जागच्या जागी खिळले. हातातलं पातेलं प्रणितानं काढून घेतलं, नाहीतर सांडलंच असतं.

काकूंनी सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं, कदाचित आत्या येईल. भल्लाआंटींचा आवाज तुला माहीतच झालाय आता. अख्ख्या घराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आ गईं! आप बच्ची की बुआ हैं ना?"

तू चपला काढल्यास. बॅग खाली ठेवलीस. म्हणालीस, "बुआ क्यों? मैं मासी हूँ."

भल्लाआंटी गोंधळल्या. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मासी तो ये है."

"ये मेरी छोटी बहन है," तू म्हणालीस. वर्गात म्हणतेस तशी, सावकाश, शेवटच्या बाकापर्यंत. "बच्ची की माँ."

भल्लाआंटींनी प्रणिताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा प्रणिताकडे. "पर माँ तो प्रणिता..."

"वो भी," तू म्हणालीस.

बस. दोन शब्द. मी आयुष्यभर सबटायटल लिहिली तरी मला असे दोन शब्द जमायचे नाहीत.

मग माझ्याकडे वळून, सगळ्यांसमोर, मराठीत झापलंस ते मी कधी विसरणार नाही. "आत्या म्हणजे बापाची बहीण. तू बाप आहेस का गं? वर्षभर मला लिहितेस, दुसऱ्या आईला काय म्हणावं, दुसऱ्या आईला काय म्हणावं. आणि माझी वेळ आली तर मला आत्या करतेस? मी आत्या झाले तर तू कोण झालीस? काही विचार? आईच्या बहिणीला मावशी म्हणतात. मला माझं नातं पाहिजे." आणि मग, जरा हळू, "मुंजीत चुकलं माझं. तेव्हाच प्रणिता माझ्या बहिणीचं माणूस म्हणून सांगायला हवं होतं."

मी हुंदके देऊन रडले, तुझ्या त्या धुराचा वास येणाऱ्या स्वेटरवर. काकू म्हणाल्या, "रडा नंतर, लेकरू उपाशी हाय." आणि भल्लाआंटी! मला वाटलं होतं, त्या आता उठून जातील. घर गेलं, असंही एक क्षण मनात आलं. त्या उठल्या खऱ्या. माझ्यापाशी आल्या, डोक्यावर टप्पल मारली आणि म्हणाल्या, "दो साल से मुझे उल्लू बना रही थी? पहले बताती, मैं तेरे लिए भी पंजीरी बनाती." (पंजीरी म्हणजे आपल्या डिंकाच्या लाडवासारखा बाळंतिणीचा खाऊ.) सगळ्यांनीच काही असं केलं नाही, खालच्या मजल्यावरच्या दोघी घुगऱ्या न घेता गेल्या, तेही मी पाहिलं. जाऊ देत. जेवढ्या राहिल्या त्यांनी घर भरलेलंच होतं.

कानात नाव तू सांगितलंस. कुर्रर्र केलंस तेव्हा केतकी दचकली आणि तुझ्या पाठीत धपाटे बसले, सगळ्यांत जोरात माझा. तो तीन वर्षांच्या रागाचा होता, हे तुला कळलं असेल. आणि मग पाळण्याच्या वरून, खालून, प्रणिता मला देतेय, मी प्रणिताला देतेय, केतकी मधल्यामध्ये टकामका बघतेय. मी दारात नव्हते, ताई. मी पाळण्यापाशी होते.

रात्री नीरजचा मेसेज आला, 'क्लायंट पूछ रहा है, मराठी टीम को ऐसी कोई कहानी पता है क्या, जिसमें कोई ना मरे?' मी उत्तर पाठवलं, 'आज जिसमें खाना खाके गया ना, वही.'

कागद अजून तसेच आहेत. प्रणिता म्हणते, कायदे बदलतात, ती शिकवतेच ते. बदलतील तेव्हा बदलोत. मला तुझ्याकडून जे हवं होतं ते मिळालं, भर सभेत, हिंदीत आणि मराठीत.

सुजयभावोजींना नमस्कार. मानसला सांग, मे महिन्यात त्याची बहीण साताऱ्याला येतेय, दोन्ही आयांसकट. तुझ्या सासूबाईंना काय सांगायचं ते तू बघ. आता मला काळजी नाही.

हे लिहितेय तोवर आत्ताच बेल वाजली. भल्लाआंटी बाहेरूनच ओरडल्या, "केतकी की मम्मी, दरवाज़ा खोलो, पंजीरी गरम है!" आम्ही दोघी एकदमच उठलो.

प्रणिताला म्हटलं, तू बस. मी जाते.

तुझी बहीण
क्षिप्रा